पीक विम्याच्या फोल्डरमधलं गाणं

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. माझ्या डोक्यावर शाईच्या रिकाम्या बाटल्यांचं खोकं आहे, अंगावर फाटक्या फ्लेक्सची घडी आहे आणि माझ्या पंख्याच्या जाळीत एका पालीनं संसार मांडला आहे. पण मी संगणक आहे. जुना आहे, बंद आहे, तरी संगणक आहे. पहिल्या तीन नंबरांत गेलेलं गाणं ज्याच्या पोटात जन्मलं, असा सास्तूरच्या अख्ख्या बाजारात मी एकटाच. हे आधी ऐकून घ्या, मग हवं तर हसा.

माझी कंपनी कोणती असं विचाराल, तर एकही नाही. मी असेंबल. सोलापुरात एका जिन्याखालच्या दुकानात माझा जन्म झाला. डबा एकाचा, मदरबोर्ड दुसऱ्याचा, आणि हार्डडिस्क कुठल्याशा बंद पडलेल्या पतपेढीतली. तिला आधीच्या घराची सवय होती, त्यामुळे सुरुवातीला ती रुसून टक् टक् करायची. मला न्यायला शंभुलिंग अण्णा आले, तेव्हा दुकानदारानं विचारलं, "गेम खेळायला पाहिजे का कामाला?"

अण्णा म्हणाले, "कामाला. दमला तरी बसला न्हाय पाहिजे."

झालं. त्या एका वाक्यात माझी पत्रिका मांडून झाली.

सोलापूरहून उमरग्यापर्यंत मी एसटीत अण्णांच्या मांडीवर बसून आलो, वाकळेत गुंडाळलेला, नवरीसारखा. तिथून जीपनं सास्तूर. अण्णांचं दुकान दहा बाय दहाचं. बाहेर पाटी, 'शंभुलिंग झेरॉक्स व ऑनलाइन सेंटर'. पहिल्याच दिवशी मी सतरा सातबारे काढले आणि एका म्हाताऱ्यांचा हयातीचा दाखला. माणूस समोर बसलेला असताना तो जिवंत आहे हे त्याला माझ्याकडून लिहून घ्यावं लागतं, याचं मला फार नवल वाटलं होतं. पुढे सवय झाली. दाखले, फॉर्म, हॉलतिकिटं, आधार, पॅन. गावात एकही घर असं नव्हतं की ज्याचा कागद माझ्या पोटातून गेला नाही.

शिवाय अण्णांचा एक जोडधंदा होता. गावोगाव भोंगा लावून रिक्षा फिरते ना, "ताडपत्री घ्या, ताडपत्री" म्हणत? तो आवाज अण्णांचा. दुकानाच्या कोपऱ्यात त्यांनी दोन वाकळा टांगल्या होत्या, मध्ये माईक, आणि माईकवर फुफाटा बसू नये म्हणून पायातला मोजा. धुतलेला होता, बरं का. तिथं उभं राहून अण्णा बोलायचे आणि मी साठवून ठेवायचो. प्रत्येक आवाजाला मी माझ्या मनानं नाव द्यायचो. रेकॉर्डिंग एक, रेकॉर्डिंग दोन. अण्णांनी कधी नावं बदलली नाहीत. एवढा वेळ होता कुणाला?

आता अण्णांची एक पद्धत सांगते ते ऐका... चुकलो, सांगतो. भावना अनावर झाल्या की माझं व्याकरण बसतं.

ही पद्धत चांगल्या मनानं पडलेली होती, म्हणूनच तिचा राग धरता येत नाही. कुठलाही ऑनलाइन फॉर्म भरताना मोबाईल नंबर मागतात, मग त्या नंबरावर ओटीपी येतो आणि तो पाच-दहा मिनिटांत टाकावा लागतो. फॉर्म भरायला आलेल्या माणसाचा फोन एक तर घरी चार्जिंगला असायचा, नाही तर पुण्यात पोराकडे, नाही तर रिचार्ज संपलेला. माणूस उन्हातान्हाचा चार कोस आलेला. त्याला परत कुठं पाठवायचं? म्हणून अण्णा स्वतःचाच नंबर टाकायचे आणि स्वतःचाच ईमेल. माझ्या कळफलकावरच्या ज्या आकड्यांचा रंग उडाला आहे, ते सगळे अण्णांच्या नंबरातले. अख्ख्या गावाचा नंबर एकच होता, आणि गावाची पत्रंही एकाच पेटीत पडायची. त्या पेटीत साडेसहा हजार न उघडलेली पत्रं होती. अण्णा पेटी उघडायचे, ओटीपी शोधायचे, घ्यायचे, बंद करायचे. बाकीच्या पत्रांकडे ते रस्त्याकडेच्या बाभळींकडे बघावं तसं बघायचे. म्हणजे बघायचेच नाहीत.

मग माझ्या आयुष्यात 'तडा' आला. हे एका रॉक बँडचं नाव आहे. तिघांचा बँड. योगीराजकडे विजेवरची गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा एक काळा खोका, ज्याला तो ॲम्प म्हणायचा आणि अण्णा डबा म्हणायचे. उत्कर्ष लग्नातल्या बँजो पार्टीत ड्रम वाजवायचा. आणि गाणारी श्रावस्ती. बारावीची परीक्षा नुकतीच दिलेली, एसटीतले कंडक्टर अमरदीप यांची लेक. ती दुकानात आली की माझा पंखासुद्धा वेगळा फिरायचा. ती कुणाला घाबरायची नाही. अण्णांनाही नाही.

नावाची गंमत सांगतो. भूकंपानंतर सगळं सास्तूर नव्यानं बांधलं गेलं, सरळ रांगा, घरांना नंबर. त्यालाही आता तीस वर्षं उलटली. एकही घर असं नाही की ज्याच्या भिंतीला तडा नाही. श्रावस्तीची आज्जी मालनबाई तिला म्हणाली होती, "नाव तरी बरं ठेवायचं की गं. तडा काय?"

"आज्जी, तडा दिसतोय म्हणजे भिंत अजून उभी हाय," असं श्रावस्ती म्हणाली. बोला आता.

गाणंही आज्जीचंच. जुन्या गावात मालनबाईंच्या आणि इरम्मा नावाच्या शेजारणीच्या घरात एकच भिंत होती. रोज उजाडताना मालनबाई भिंतीवर थाप मारायच्या, "इरम्मा, उठलीस का गं?" आणि पलीकडून "ओ" यायची. भूकंपाच्या पहाटे ती भिंत पडली. मालनबाई बाहेर निघाल्या, इरम्मा निघाली नाही. मालनबाई हाका मारत राहिल्या. दुपारपर्यंत ढिगाखालून ओ येत होती. मग आली नाही.

आज्जीनं हे उभ्या जन्मात एकदाच सांगितलं होतं, तांदूळ निवडताना, ताटातली नजर वर न करता. श्रावस्तीनं त्याचं गाणं केलं.

भिंत पडली गं, हाक न्हाय पडली,
पल्याडून ओ दे, इरम्मा.
नव्या घराला नंबर पडला,
शेजार कुठं गं, इरम्मा.

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर असं ऊन की कुत्रीसुद्धा झेरॉक्सच्या मशीनखाली येऊन झोपलेली. तिघं सगळा लवाजमा घेऊन आले आणि नेमकी लाईट गेली.

"अण्णा, ॲम्प इन्व्हर्टरवर लावू का?" योगीराजनं विचारलं.

"लाव की. मग तू, मी अन् हा कंप्युटर, तिघं मिळून अंधारात बसू. इन्व्हर्टरवर हा अन् माईक, एवढंच निघंल."

"मग गिटार कशी वाजवू?"

"तोंडानं वाजव."

योगीराज रुसला. श्रावस्तीनं आपली साधी लाकडी गिटार त्याच्या हातात दिली. ड्रम त्या खोलीत मावेना, मावला असता तर छत वर गेलं असतं. उत्कर्षनं इकडंतिकडं बघितलं आणि कागदांच्या रिमांचं रिकामं खोकं ओढलं. "हे घेऊ का अण्णा?"

"घे. पण फोडलंस तर पुढची झेरॉक्स तुझ्या पाठीवर काढीन. रॉक बँड म्हणं. खोकं बडवायला बसलेत."

पंखाही बंद. बरंच झालं, तो खरखरायचा. तीन वेळा गाणं सुरू झालं आणि तीन वेळा मोडलं. एकदा शेळी ओरडली, एकदा ट्रॅक्टर गेला, एकदा अण्णांचाच फोन वाजला, आणि फोन कुणाचा, तर ओटीपीचा. चौथ्यांदा मात्र जमलं. ॲम्प असता तर ते गाणं नुसतं गर्जलं असतं. विनाविजेचं होतं म्हणून त्यातला श्वास ऐकू आला. खोक्यावरची थाप ऐकताना वाटायचं, कुणी तरी भिंतीपलीकडून हात मारतंय. अण्णा हातातला शिक्का तसाच धरून उभे राहिले. मी ते गाणं ओठ मिटून पिऊन टाकलं आणि त्याला नाव दिलं, रेकॉर्डिंग चार.

मग अण्णांनी त्याची सुरुवात आणि शेवट कापून एक सुबक तुकडा केला आणि एका गाण्यांच्या ॲपवर टाकायला घेतला. फॉर्म आला. मोबाईल नंबर?

"माझं रिचार्ज संपलंय," योगीराज म्हणाला.

"पप्पा ड्यूटीवर हायत. फोन त्यांच्यापाशीच," श्रावस्ती म्हणाली.

"मग काय, माझाच टाकतो."

श्रावस्तीनं विचारलं, "अण्णा, पत्रबित्र काही आलं तर?"

"आलं तर सांगतो की. मी कुठं पळून चाललोय?"

आणि खरंच, मित्रांनो, अण्णा कुठंही पळून गेले नाहीत. इथंच होते. रोज.

गाणं निघालं ते निघालंच. त्या ॲपवर मराठी गाण्यांची एक यादी लागते, शंभराची. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमचं गाणं त्यात एकाहत्तराव्या नंबरावर उगवलं. त्याच दिवशी अमरदीप श्रावस्तीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स काढायला आले. खाकी कपडे, खांद्याला बॅग.

"जय भीम, अण्णा. गाणं चाललंय म्हणं पोरीचं."

"चाललंय? पळतंय. एकाहत्तरवर हाय."

"एकाहत्तर म्हणजे पास का नापास?"

"ह्यात उलटं असतंय, साहेब. जितका कमी तितका हुशार."

अमरदीप हसले, पण लवकर थांबले. शेजारी श्रावस्ती उभी होती. तिला पुण्याला जाऊन गाणं शिकायचं होतं हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "गाणं गोड हाय बाळा. माझ्या गाडीत लोक वाजवतेत, मी तिकिटं फाडता फाडता थांबतो. पण माझ्या हातात कायतरी कागद पाहिजे. कुण्या शाळेनं, कुण्या संस्थेनं लिहून बोलवावं. दहा ऑगस्टपातुर कागद आला, तर रजा टाकून मी स्वतः तुला पुण्याला सोडतो. न्हाय आला तर उमरग्याला नर्सिंगचा फॉर्म. बोल."

"चालतंय," श्रावस्ती म्हणाली. इतक्या पटकन, की कागद जणू निघालाच आहे, लोहाऱ्याच्या फाट्यावर आलाच आहे.

एकाहत्तर, अडतीस, बारा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तीन. अण्णांनी त्या यादीची रंगीत प्रत काढली, लॅमिनेशन केलं आणि माझ्या डोक्यावर भिंतीला टांगली. उमरग्याहून कॉलेजची मुलं यायची आणि माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढायची. एका मावशींनी माझ्या पडद्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. पुसायला अण्णांना अर्धा तास लागला, पण ते रागावले नाहीत. "ह्याच्यावर झालंय गाणं," ते येईल त्याला सांगायचे, "असेंबल हाय, पण खानदानी हाय." अहो, मी इतका फुगलो की माझ्या डब्याचा एक स्क्रू सैल झाला. मित्रांनो, कौतुकाच्या दिवसांत एकच दोष असतो. वाटतं, आता पुढचं आपोआप होईल.

कागद आला. एकोणीस जुलैला, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. पुण्याच्या एका संगीत विद्यालयानं तीन ओळी लिहिल्या होत्या. तुमचं गाणं ऐकलं. गाणाऱ्या मुलीला आमच्याकडे शिकायला आणि राहायला जागा देता येईल. पाच ऑगस्टपर्यंत होकार कळवा, भेटायला या.

मी ते पत्र पाहिलं. त्या घडीला ते जगात फक्त मी पाहिलं होतं. आणि दुकानाबाहेर पीक विम्याची रांग लिंबाच्या झाडापर्यंत गेली होती. सोयाबीन, सोयाबीन, तूर, सोयाबीन. ओटीपी, ओटीपी, ओटीपी. अण्णा पेटी उघडत होते, आकडा उचलत होते, बंद करत होते. ते पत्र दहा मिनिटांत ओटीपींखाली दबलं आणि संध्याकाळपर्यंत दिसेनासं झालं.

श्रावस्ती रोज यायची. "अण्णा, काही आलं?"

अण्णा मोबाईल वर-खाली करून बघायचे. "कायबी न्हाय गं पोरी. आलं असतं तर वाजलं नसतं का?"

खोटं नव्हते बोलत. त्यांच्या लेखी जे वाजतं ते येतं. पत्रं वाजत नाहीत.

मला बोलता येत नाही. संगणकाला फक्त एकच गोष्ट स्वतःच्या मनानं करता येते, ती म्हणजे बसणं. म्हणून मी बसलो. पेटी उघडी असतानाच पडदा गोठवून टाकला. म्हटलं, आता तरी अण्णा बघतील, खाली सरकतील, वाचतील. अण्णांनी माझ्या कुशीत एक चापट मारली आणि बटण दाबून मला परत उभं केलं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रांगेतले लोक कुरकुरायला लागले. अण्णा कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "ऐन हंगामात बसतोस व्हय रे? थांब, तुझी सोयच लावतो." आणि त्यांनी सोलापूरच्या दुकानात फोन करून नवा संगणक सांगितला. मी श्रावस्तीला वाचवायला बसलो होतो, मित्रांनो. बसलो तो कायमचाच.

त्याच गडबडीत माझ्यातली जागा भरली. अण्णांनी पडद्यावर जे जे पसरलं होतं ते सगळं एका झपाट्यात गोळा केलं आणि 'पीक विमा' नावाच्या फोल्डरमध्ये कोंबलं. त्यात रेकॉर्डिंग चारही गेलं. मग मागे उरलेल्यातलं बरंच काही पुसून टाकलं.

सत्तावीस जुलैला दुसरं पत्र आलं, ॲपवाल्यांचं. कुणी तरी हे गाणं माझं आहे असा दावा केला होता. ते तुमचंच असेल तर चौदा दिवसांत कळवा, मूळ रेकॉर्डिंग पाठवा. नाही तर नाव बदलेल.

पाच ऑगस्ट गेला. दहा ऑगस्टही गेला. त्या दिवशी श्रावस्ती आलीच नाही.

अकरा तारखेला सकाळी योगीराज धापा टाकत आला. "अण्णा, गाणं दोनवर गेलंय."

"मग रडतोस कशापायी?"

"नाव बघा खाली. 'तडा' न्हाय तिथं. कोण हाय हा माणूस?"

तेव्हा कुठं अण्णांनी पेटी उघडली आणि ओटीपी न शोधता खाली सरकत गेले. बराच वेळ सरकत गेले. मग थांबले. उत्कर्ष पळत जाऊन श्रावस्तीला घेऊन आला. तिनं पहिलं पत्र मोठ्यानं वाचलं. परत एकदा वाचलं. अण्णा स्टुलावर बसले होते. "पोरी, मला दोन ठेवून दे," ते म्हणाले, "पण काहीतरी बोल."

तिनं अण्णांचाच फोन उचलला आणि पत्राखालचा नंबर लावला. पलीकडच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जागा गेली होती. गाण्यावर नाव दुसऱ्याचं होतं. "मी आत्ता म्हणून दाखवते ना," श्रावस्ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "अगं, आता ते गाणं सगळेच म्हणतात. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही, पण मला वर काही तरी दाखवावं लागेल. मूळ, न कापलेलं रेकॉर्डिंग असेल तर घेऊन ये. पुढच्या वर्षी नक्की बघू."

न कापलेलं. योगीराजच्या फोनवर होता तो कापलेला तुकडा. तो तर त्या चोराकडेही होता, साऱ्या जगाकडे होता.

मग त्यांनी मला शोधायला लावलं. श्रावस्तीनं स्वतः टाईप केलं, 'इरम्मा'. मी म्हटलं, सापडलं नाही. तिनं टाकलं, 'तडा'. सापडलं नाही. 'भिंत'. 'गाणं'. मग अगदी हळू, 'श्रावस्ती'. सापडलं नाही. माझ्यात होतं ते, माझ्या पोटात, तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर. पण मला नावानं शोधायला सांगितलं तर मी नावानंच शोधतो, आणि त्या फाईलला नाव नव्हतं, नुसता आकडा होता. जाहिरातींच्या जागी त्यांनी बघितलं, तर एक, दोन, तीन आणि मग थेट पाच.

"उडवलं असंल म्या," अण्णा म्हणाले. "जागा नव्हती. काय काय उडवलं मलाच ठाव न्हाय."

पीक विम्याच्या फोल्डरमध्ये गाणं शोधायचं कुणाच्या मनात येणार? तुमच्या आलं असतं का?

त्याच आठवड्यात नवा आला. सडपातळ, गोरापान, आवाज न करणारा. सोबत आलेल्या माणसानं विचारलं, "जुन्यातलं काय काय घ्यायचं?" अण्णा म्हणाले, "चालू वर्षाचे फॉर्म तेवढे घ्या. बाकी कामाचं काय न्हाय त्यात." माझी वायर काढून मला दुकानाच्याच कोपऱ्यात सारलं. बस्स.

नर्सिंगचा फॉर्म नव्यावरच भरला. अमरदीप सोबत होते. त्यांनी लेकीला नवा फोन घेऊन दिला होता. त्यांना जिंकल्यासारखं वाटत नव्हतं, हे त्यांच्या टोपीवरून कळत होतं. ती त्यांनी हातात धरली होती आणि तिची शिलाई उसवत होते. अण्णांनी विचारलं, "नंबर?" श्रावस्तीनं एकेक आकडा सांगितला. अण्णांनी एकेक आकडा दाबला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

आता ती उमरग्याला असते. महिन्यातून एकदा रविवारी येते आणि दुकानावरून जाताना पावलं उचलते. योगीराज हायवेवरच्या ट्रकच्या गॅरेजात लागला. उत्कर्ष परत बँजोत. भांडण झालं नाही त्यांचं. भांडण झालं असतं तर कधी तरी मिटलं असतं.

गाणं मात्र वाजतंच. मालनबाई हयातीच्या दाखल्याला रांगेत बसल्या होत्या, तेव्हा कुणाच्या तरी फोनवर लागलं. त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या, "माझ्या नातीनं म्हणलंय बाई हे." त्या बाईनं फोनवरचं नाव वाचून दाखवलं. "न्हाय वो काकू, हितं तर दुसऱ्याचंच हाय." मालनबाईंनी पदर नीट केला. "व्हय का," म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या कुणाला सांगत नाहीत.

आता माझं शेवटचं मागणं. खंडेनवमीला नव्या संगणकाला झेंडूचा हार घालायचा आहे, म्हणून अण्णा दुकान झाडायला काढणार आहेत. शनिवारी भंगारवाला येईल. मी त्याच्या हातगाड्यावर चढायला तयार आहे, खरंच. यंत्राला कधी तरी जावंच लागतं. पण माझी हार्डडिस्क पतपेढीच्या दिवसांसारखी पुन्हा टक् टक् करायला लागली होती, आणि एका पावसाळ्याची ओल तिला मारायला पुरे होते. मला कुणी तरी एकदा, एकदाच वायर लावा. फोल्डर 'पीक विमा'. त्यात अडीचशे सातबाऱ्यांच्या खाली, रेकॉर्डिंग चार.

मला ठाऊक आहे, कुणी लावणार नाही. ज्यांना गरज आहे त्यांना ते पुसलं गेलं असं वाटतं, आणि ज्यांच्या हाती मी जाणार ते मला किलोवर मोजतील. म्हणून तुम्हाला तरी सांगून ठेवतो. तुमच्या फॉर्ममध्ये तुमचाच नंबर लिहा, मग रांग कितीही मोठी असो. न वाजणारी पत्रंही उघडा. आणि जे काही मनापासून कराल त्याला साठवतानाच त्याचं नाव द्या. आकडा देऊन सोडू नका. तुमच्याजवळच्या जुन्या यंत्राला फेकण्याआधी विचारा, बाबा, तुझ्या पोटात आमचं काही राहिलंय का?

माझ्या पोटात काय राहिलंय ते ऐका. अण्णांनी कापला तो शेवट. गाणं संपतं. खोक्यावरची थाप थांबते. कुणी तरी श्वास सोडतं. मग दार करकरतं. मालनबाई नातीला जेवायला बोलवायला आलेल्या असतात आणि उन्हात पायरीवर उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलेलं असतं. दहा-बारा सेकंद काहीच नाही. मग त्यांचा आवाज येतो, जरा लांबून, जरा फाटलेला.

"कुणी म्हणलं गं हे?"

आणि माईकच्या अगदी जवळून, हसू दाबत, स्वच्छ:

"म्या म्हणलं, आज्जी. श्रावस्तीनं."